मोगऱ्याचा उन्हाळी बहर

मोगरा हे जाई-जुईच्याच प्रजातीतील काटक झुडूप असून त्याची फुले नव्या फुटीवर धरतात, ही एक बाब ध्यानात घेतली की त्याच्या निगेचे बहुतेक शास्त्र आपोआप उलगडते. डिसेंबरच्या सुमारास झाडाला ताण दिला जातो, म्हणजे पाणी हळूहळू तोडून वाढ थांबवली जाते, आणि जानेवारीत जमिनीपासून दीड-दोन फूट उंची राखून छाटणी केली जाते; त्यानंतर बुंध्याभोवती कुजलेले शेणखत घालून पाणी पुन्हा सुरू केले असता कोवळे धुमारे फुटतात आणि त्यांच्या टोकांशी, बहुधा मार्चपासून, तीन-तीन कळ्यांचे झुबके दिसू लागतात. छाटणीला कचरणाऱ्या हौशी माणसाच्या अंगणात झाड वाढते, फुले नव्हे. पाच-सहा तासांचे थेट ऊनही अपरिहार्य आहे, कारण सावलीतला मोगरा हिरवागार राहतो, पण कळी धरत नाही.

चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची उणीव समजावी. मातीत लोह असूनही मुळांना ते शोषता येत नाही, म्हणून फेरस सल्फेटच्या सौम्य द्रावणाची पानांवर फवारणी उपयोगी पडते. नवे रोप पावसाळ्यात दाबकलमाने, म्हणजे जमिनीलगतची फांदी मातीत दाबून तिला मुळे फुटल्यावर वेगळी करून, सहज मिळते. गजऱ्यासाठी टपोऱ्या कळ्या दुपारीच खुडाव्यात, कारण तिन्हीसांजेनंतर त्या उमलू लागतात.