राखेच्या तलावाला नाव हवे



वऱ्हाडातील शेतकऱ्याचे शेत अर्ध्या एकराचे असले तरी त्याच्या बांधाला हद्दीचा दगड असतो आणि तलाठ्याच्या दप्तरात त्याचा सातबारा असतो. जमीन कोणाची आणि सारा कोणी भरावयाचा, याविषयी सरकारला कधी संभ्रम पडत नाही. परंतु कोळसा जाळून उरलेल्या राखेच्या तलावाकाठी गुरे चारणाऱ्याला तो तलाव कोणाचा, आणि बांधाला भेग दिसली तर कोणाला कळवावे, हे जागेवरच वाचता आले पाहिजे असे म्हटले, की ती बाब क्षुल्लक ठरविली जाते.

ती क्षुल्लक नाही. अकोला जिल्ह्यात पारस येथे 250 मेगावॅटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगावपेठ येथे 270 मेगावॅटचे पाच. एका युनिट विजेला सुमारे 700 ग्रॅम कोळसा लागतो आणि आपल्याकडील कोळशात सुमारे तिसरा हिस्सा राखेचा असतो. या हिशेबाने एकटे पारस पूर्ण क्षमतेने चालले, तर दिवसाकाठी अडीच हजार टनांहून अधिक राख निघते. सिमेंट आणि विटांसाठी न उचललेली राख पाण्यात कालवून तलावात सोडण्याची पद्धत आहे. तिचा वरचा थर वाळून टणक दिसतो. खाली चिखल तसाच राहतो. मूल किंवा जनावर त्यावर पाऊल टाकते, ते जमीन समजूनच. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर भूजल मुळातच खारट. तेथे उरलेसुरले गोडे पाणी राखेने नासले, तर गावाने जावे कोठे?

हे भय काल्पनिक नव्हे. एप्रिल 2020 मध्ये मध्य प्रदेशातील सासन येथे राखेचा बांध फुटून माणसे वाहून गेली. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळ खसाळा येथे कोराडी केंद्राचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नाल्यांत पसरले.

भांडवलशाहीचे माहेरघर म्हणविणाऱ्या अमेरिकेलाही हा धडा प्राण देऊनच शिकावा लागला. 26 फेब्रुवारी 1972 रोजी बफेलो क्रीक येथे कोळशाच्या टाकाऊ मालाचा बांध फुटून 125 माणसे मेली. त्यानंतरच्या नियमांनी अशा प्रत्येक बांधावर किमान सहा फूट उंचीचा कायमचा फलक सक्तीचा केला. त्यावर बांधाचा क्रमांक, त्याचे नाव आणि तो चालविणाऱ्याचे नाव लिहावे लागते. 1977 च्या कायद्याखाली खाणीच्या प्रवेशद्वारावरील नामफलक तर जमीन पूर्ववत करून अनामत सुटेपर्यंत काढता येत नाही. यामागील तत्त्व स्पष्ट आहे : नफा घेऊन मालक निघून गेला तरी त्याचे नाव जागेवरून जाता कामा नये.

आपल्याकडेही भोपाळनंतर, 1987 साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांबरोबरच परिसरातील जनतेलाही देण्याचे बंधन धोकादायक उद्योगांवर घातले गेले. त्या उद्योगांच्या यादीत वीजनिर्मिती होती. तेव्हा ही मागणी म्हणजे कोणाच्या कृपेची याचना नव्हे.

फलक मराठीत असावा आणि निरक्षरालाही कळेल असे चित्र त्यावर असावे. चालकाचे नाव, जबाबदार अधिकाऱ्याचा दूरध्वनी आणि शेवटच्या तपासणीची तारीख त्यावर असावी. राख कोठवर भरता येईल, त्या पातळीची खूण लांबूनही दिसावी.

मात्र एक सावधगिरी हवी. ‘येथे येण्यास मनाई आहे’ एवढेच लिहून मालक मोकळा होऊ पाहील आणि उद्या अपघात घडला, की मेलेल्यालाच दोषी ठरवील. लोकांना हाकलणारी पाटी वेगळी, मालकाला बांधून ठेवणारी वेगळी. आपल्याला दुसरी हवी आहे. बांध मजबूत करण्याच्या कामाला पाटी हा पर्याय नव्हे. ते काम कोणाकडून करवून घ्यावयाचे, हे तिने सांगावयाचे आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावकऱ्यांसह तलावाच्या हद्दीबाहेरून फेरी काढावी, काय लिहिलेले आहे आणि काय नाही याची नोंद करावी आणि ग्रामसभेत ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावा. अर्ध्या एकराच्या धन्याचे नाव ज्या सरकारला तोंडपाठ आहे, त्याने डोंगराएवढ्या राखेच्या धन्याचे नाव लिहावयास कचरू नये.