रस्त्याला बॅटरी, डोंगराला पाय
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

विजेवरच्या सायकलीने डोंगरात जातो असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे सायकल थेट शिखरावर नेता?’ नाही. सायकल पायथ्याच्या वाडीत राहते. तिचं काम तिथे संपतं आणि पायांचं सुरू होतं. या दोन कामांचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

सह्याद्रीतल्या नावाजलेल्या शिखरांना मळलेल्या वाटा आहेत. कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. तिथे अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्यापाशी रांग लागते. पण अकोले, इगतपुरी, जुन्नर या तालुक्यांत अशीही शिखरं आहेत, की ज्यांच्यावर ना देऊळ, ना किल्ला. त्यामुळे वर जाणारी वाटही नाही. पायथ्याच्या वाडीपर्यंत एसटी मिळाली तर नशीब. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, गुडघे कुरकुरतात. स्टेशनापासून तीस-पस्तीस किलोमीटर साधी सायकल मारायची आणि मग डोंगर चढायचा, हे आता जमत नाही. बॅटरीच्या सायकलीने ती शिखरं मला पुन्हा मिळवून दिली.

आपल्याकडे २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि बाकीच्या काही अटी पाळणाऱ्या अशा सायकलीला नोंदणी वा लायसन्स लागत नाही. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॉट-तास वीज मावते. माणूस, सायकल आणि पाठपिशवी मिळून १०० किलो धरा. हे ओझं ५०० मीटर वर न्यायला सुमारे १३६ वॉट-तास लागतात. त्यात मोटरमधली घट, रस्त्याचा आणि वाऱ्याचा विरोध मिळवला, की एका मोठ्या घाटात निम्मी बॅटरी गेलीच म्हणून समजा. सोबत पॅडल मारत राहिलं तर ती पुरते, नुसत्या मोटरवर बसून राहिलं तर नाही. बॅटरी संपली की उरते एक जड सायकल. म्हणून पायथ्याला पोचताना निम्मी बॅटरी शिल्लक हवी, हा माझा नियम. वाडीत कुणाकडे ती चार्जिंगला लावली तर विजेचे पैसे आवर्जून द्यावेत.

आता पायांचं काम. आपला हा डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. थरावर थर साचले, म्हणून तो जिन्यासारखा दिसतो. सरळ कातळकडा, मग आडवा पदर, पुन्हा कडा. पदरावरून आडवं कितीही चालता येतं, पण वर चढायचं तर कड्याला कुठेतरी फट हवी. ती फट म्हणजे एखादी नाळ, नाहीतर खाली उतरलेली सोंड. नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन जागांमध्ये शंभर मीटरचा कडा उभा असू शकतो. हे ज्यांना ठाऊक असतं ती माणसं गुरांमागे फिरत असतात.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही तिघे अशाच एका बिननावाच्या शिखराला गेलो होतो. वाडीतल्या एका मावशींना वाट विचारली. त्या म्हणाल्या, ‘नाळेत आग्या मोहोळ हाय. पल्याडच्या सोंडेनं जावा, आन् पाणी हितूनच भरून न्या.’ आम्ही सोंडेने गेलो. ढोरवाट कारवीत संपली, पुढे घसारा लागला. एक वाजता शेवटच्या कातळाखाली होतो. माथा फार तर साठ मीटर वर. आमच्यातला तरुण मित्र म्हणाला, ‘काका, मी चढून येतो.’ चढला असता. पण निसटत्या दगडांवरून उतरायचं कसं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. दोर नव्हता, फोनला रेंज नव्हती. आम्ही परत फिरलो. तो संध्याकाळपर्यंत घुश्शात होता.

मला वाटतं, या नव्या साधनाचा खरा धोका इथेच आहे. पूर्वी दमछाक आपल्याला रस्त्यातच थांबवायची. आता बॅटरी आपल्याला ताज्या पायांनी दूरच्या, निर्जन पायथ्याशी आणून सोडते, आणि इतक्या लांब आलो तर माथा गाठूच, असं मन म्हणू लागतं. तिथे पाय मुरगळला तर पहिली मदत वाडीतल्याच माणसांना करावी लागते, आपला रोजगार बुडवून.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. एकट्याने जाऊ नये. परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी. पावसाळ्यात, धुक्यात वाट सोडू नये. निसरड्या कातळावर जीव जातो आणि सड्यावरची पातळ माती आपल्या बुटांनी उखडते. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा परिसर अभयारण्य आहे, तिथे वनखात्याची परवानगी घ्यावी. उन्हाळ्यात वाळल्या गवतात काडी ओढू नये.

आणि बॅटरीसारखाच पायांचाही निम्मा जोर उतरणीसाठी राखावा. माथा राहिला तर राहू द्या, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाता येईल.