दारातली दुसरी मोटारसायकल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. ते खरेही आहे. पण हौसेला देखभाल लागते आणि देखभालीला वेळ लागतो, हे मात्र कोणी म्हणीत बसवून ठेवलेले नाही. आज मला बोलायचे आहे ते अशाच एका हौसेबद्दल. एका घरात दोन, तीन किंवा त्याहून जास्त मोटारसायकली बाळगण्याबद्दल.

ही आता केवळ श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, कुठल्याही शहरात एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावून पाहा. रोज कामावर न्यायची एक शंभर-सव्वाशे सीसीची गाडी असते. शेजारी मुलाने नोकरी लागल्यावर हप्त्यावर घेतलेली मोठी गाडी असते. आणि भिंतीच्या कडेला, जुन्या चादरीखाली, वडिलांची बुलेट, येझदी किंवा राजदूत असते. ही तिसरी गाडी कोणी ठरवून घेतलेली नसते. ती विकायची राहून गेलेली असते. माझ्याही घरी तीन मोटारसायकली आहेत, तेव्हा मी हे लांबून पाहून बोलत नाही.

जुन्या गाडीवर माणसाचा जीव जडतो, त्याला कारणही आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बाहेर पडू लागल्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. यामाहाची आरएक्स हंड्रेड १९८५ मध्ये आली आणि तिचेही उत्पादन १९९६ मध्ये थांबले. छोट्या चाकांच्या एका राजदूतला तर लोक १९७३ च्या चित्रपटावरून 'बॉबी' म्हणूनच ओळखतात. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आले. पण त्या गाड्या नव्या, फोर स्ट्रोक इंजिनाच्या. जुनी गाडी एकदा हातची गेली की तशी पुन्हा मिळत नाही, ही भावना म्हणूनच चुकीची नाही. आजही जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगावी आपापल्या गाड्या घेऊन जमतात.

पण मंडळी, जीव जडणे वेगळे आणि गाडी जिवंत ठेवणे वेगळे. माझा अनुभव एका वाक्यात सांगायचा तर, चालती गाडी झिजते आणि उभी गाडी कुजते. झीज दिसते, मोजता येते. टायरची नक्षी कमी होते, चेन सैल पडते, ब्रेक खालपर्यंत जातो. आपण मेकॅनिककडे जातो. कुजणे मात्र दिसत नाही. वरून टाकी चकाचक असते आणि आत हळूहळू सगळे बिघडत असते.

आत नेमके काय होते, ते पाहू. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राप उरतो. कार्बोरेटरच्या जेटचे छिद्र सुईच्या टोकाएवढे. ते बुजायला हा राप पुरेसा असतो. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर अशा पेट्रोलचा विचार करून बनवलेले नसतात, आणि टाकी तर पत्र्याचीच असते. आपल्या पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरायला फार दिवस लागत नाहीत.

बॅटरी वापरली नाही तरी आपोआप उतरते. बारा व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. ती बरेच दिवस उतरलेलीच राहिली, तर आतल्या प्लेटांवर थर बसतो आणि मग ती चार्जिंगलाही दाद देत नाही. उभ्या गाडीच्या टायरमधली हवा कमी होते आणि सगळे वजन एकाच जागी पडून तो तिथे चपटा होतो. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. डिस्क ब्रेक असेल, तर त्यातले ऑइल हवेतले पाणी शोषते. ड्रम ब्रेक असेल, तर त्याची केबल आणि आतला कॅम गंजून जड होतात.

यावर बहुतेक लोक एक उपाय करतात. दर रविवारी गाडी जागेवरच दोन मिनिटे सुरू करून बंद करतात आणि समाधान मानतात. या उपायाने फायद्यापेक्षा तोटाच अधिक होतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरते तापले नाही, तर ती वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन राहते. सायलेन्सर आतून सडतो. शिवाय सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढी वीज जाते, तेवढी दोन मिनिटांत परत भरत नाही. सुरू करायचीच असेल, तर गाडी बाहेर काढावी आणि आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी. तेवढा वेळ नसेल, तर त्या दिवशी तिला हात न लावलेला बरा.

आता जरा गंभीर गोष्ट. गाड्या वेगवेगळ्या असतात, पण चालवणारे पाय तेच असतात. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असे. आजच्या सगळ्या गाड्यांत ते उलट आहे. येझदीची तर किक आणि गिअरचा दांडा एकच. आजच्या अनेक गाड्यांत पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर पडतात. रोजच्या वापरातल्या काही शंभर सीसी गाड्यांत चारही गिअर पुढे दाबून पडतात. सावकाश जाताना हे सगळे आठवते. पण समोर अचानक मूल धावत आले, तर विचार करायला वेळ नसतो, पाय सवयीने चालतो. सहा दिवस नवी गाडी चालवून सातव्या दिवशी जुनी बुलेट काढणाऱ्याचा पाय ब्रेक समजून गिअरवर पडू शकतो. म्हणून गाडी बदलली की पहिली पाच मिनिटे मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, चार-सहा वेळा ब्रेक दाबून पायाला ओळख करून द्यावी. मागे कोणाला बसवायचे असेल, तर त्यानंतरच.

टू स्ट्रोक गाडीचे आणखी एक पथ्य आहे. येझदीला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते. आरएक्स हंड्रेडला ऑइलची वेगळी टाकी असते. फोर स्ट्रोकची सवय झालेला मुलगा गाडी पंपावर नेतो, नुसते पेट्रोल भरतो आणि निघतो. ऑइलवाचून पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो, मागचे चाक जागच्या जागी थांबते. भर रस्त्यात असे झाले, तर नुकसान फक्त इंजिनाचे होत नाही. पंपावरची टू-टी ऑइलची यंत्रेही आता फारशी दिसत नाहीत. म्हणून ऑइलची बाटली गाडीसोबतच असू द्यावी, आणि घरातल्या ज्याच्या हातात किल्ली जाऊ शकते, त्या प्रत्येकाला हे सांगून ठेवावे.

यंत्रानंतर कागद. तीन गाड्या म्हणजे तीन विमे, तीन पीयूसी आणि तीन वेगवेगळ्या तारखा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर गाडी आणायची, तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. 'महिन्यातून एकदाच तर काढतो' ही सबब कायद्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विम्याशिवाय गाडी चालवण्याला पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाचे सोडा, कोणाला इजा झाली, तर भरपाई आपल्या खिशातून द्यावी लागते आणि त्यात घर विकायची वेळ येऊ शकते. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळतो, म्हणून नवी गाडी निर्धास्त असते. विसरला जातो तो जुनीचा विमा. एक दिलासा मात्र आहे. मालकाचा स्वतःचा १५ लाखांचा अपघात विमा प्रत्येक गाडीबरोबर वेगळा घ्यावा लागत नाही. एक चालू असला की पुरतो. विमा घेताना हे जरूर विचारा, कारण अनेक जण तो दोन-तीनदा भरत असतात.

दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. वडिलांची गाडी असेल तर आणखी एक गोष्ट आहे. मालकाचे निधन झाले, तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा असतो. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही. वर्षे जातात, आणि आठवण म्हणून ठेवलेली गाडी कागदावर कोणाचीच राहत नाही.

मग एकाहून जास्त गाड्या ठेवूच नयेत का? तसे मुळीच नाही. ठेवाव्यात, पण हिशेबाने. मी एक साधी दोनशे पानी वही ठेवतो. प्रत्येक गाडीला तिचे एक पान. वर विमा, पीयूसी आणि नोंदणीच्या तारखा. खाली किलोमीटर, ऑइल बदलल्याची तारीख, चेनला वंगण कधी दिले, टायर कधी घातले. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत असली, तरी रबर वयाने कडक होते, म्हणून हे आकडे वहीत हवेत. इंजिन ऑइल किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलायचे. ब्रेकचे ऑइल दोन वर्षांनी.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर डबल स्टँडवर लावावी, टायरमध्ये हवा पुरती भरावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्यावे. पुन्हा काढताना आधी क्लच दाबून चार-पाच किका माराव्यात, म्हणजे चिकटलेल्या प्लेटा सुटतात. आणि जिन्याखाली विजेचे मीटर असतील, तर तिथे पेट्रोल पाझरणारी गाडी कधीही ठेवू नये. हौस आपली आणि धोका साऱ्या बिल्डिंगला, असे होता कामा नये.

गाड्या किती असाव्यात, याचा माझा एक ठोकताळा आहे. पंधरा दिवसांतून एकदा जितक्या गाड्यांना तुम्ही प्रत्येकी एक तास देऊ शकता, अर्धा तास फिरवायला आणि अर्धा तास पुसायला-तपासायला, तितक्याच गाड्या तुमच्या. त्याहून जास्त असतील, तर त्यांची फक्त किल्ली तुमच्याकडे आहे. नाहीतर गत होते ती एक ना धड, भाराभर चिंध्या. रोजच्या गाडीचे ब्रेक-टायर पुढे ढकलून जुनीच्या क्रोमवर पैसे घालणारे लोक मी पाहिले आहेत. ज्या गाडीवर घरातले माणूस रोज रहदारीत जाते, तिचा हक्क आधी.

आणि वेळ देणे जमतच नसेल, तर ती गाडी चालवणाऱ्याच्या हाती द्यावी. भावाला, भाच्याला, एखाद्या जाणकार हौशी मुलाला. यात वडिलांचा अपमान नाही. त्यांनी ती गाडी चालवण्यासाठी घेतली होती, चादरीखाली ठेवण्यासाठी नाही. मात्र देताना नुसती किल्ली देऊ नका. आरटीओत नाव बदलून द्या. नोंदणीत नाव ज्याचे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेले आहे. गाडी विकून मोकळे झालो, असे समजणारा माणूस कागदोपत्री वर्षानुवर्षे मोकळा झालेला नसतो.

आपल्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या गाड्यांना झेंडूचा हार घालतात. चालणाऱ्या गाडीला आणि बंद गाडीला हार सारखाच. यंदा हार घालण्याआधी प्रत्येक गाडीची किक मारून पाहा आणि तिच्या विम्याची तारीख वाचून पाहा. या दोन परीक्षांत जी उत्तीर्ण होईल, ती तुमची गाडी. जी होणार नाही, तिच्यासाठी पुढचा एक रविवार राखून ठेवा. एक तर तिला रस्त्यावर आणण्यासाठी, नाहीतर तिला चांगले घर पाहून देण्यासाठी.