नंदी बाजूला सरकला

श्रोतेहो, महादेवाच्या देवळात गेलात की आधी काय करता? नंदीच्या शिंगांवर बोटं धरता आणि मधल्या फटीतून पिंडीचं दर्शन घेता. कारण नंदी असतो गाभाऱ्याच्या अगदी समोर, सरळ रेषेत. आता तामिळनाडूत चला. वैदीश्वरन कोविल या क्षेत्राजवळ तिरुप्पुंकूर नावाचं लहानसं गाव आहे. देवाचं नाव शिवलोकनाथ. तिथला नंदी मात्र समोर नाही बरं का! एका बाजूला सरकून बसलेला आहे. का सरकला? ऐका.

आदनूर गावी नंदनार नावाचे शिवभक्त होते. शैवांच्या त्रेसष्ट नायन्मार संतांपैकी एक. शेक्किळारांनी बाराव्या शतकात 'पेरियपुराणम्' रचलं, त्यात त्यांचं चरित्र आहे. जात अस्पृश्य मानलेली. सेवा कोणती? देवळातल्या वाद्यांना कातडं द्यायचं, तंतुवाद्यांना तात द्यायची, पूजेला गोरोचन द्यायचं. विचार करा मायबाप! कातडं आत चालतं, गोरोचन थेट गाभाऱ्यात चालतं. देणारा मात्र दाराबाहेर!

नंदनार तिरुप्पुंकूरला आले आणि बाहेर उभे राहिले. आत पाहतात तर काय, मध्ये भला थोरला नंदी. देव दिसेना. त्यांनी तक्रार केली नाही, कोणाला दोष दिला नाही. नुसती तळमळ. ती देवाला कळली. देव नंदीला म्हणाले, "जरा बाजूला हो, माझा भक्त बाहेर उभा आहे." नंदी सरकला. दर्शन झालं. त्या आनंदात नंदनारांनी तिथे तळं खोदलं, अशी कथा आहे.

आता नंदीकडे नीट पाहा. नंदी काही वाईट नव्हता. देवाच्या सर्वांत जवळचा, अष्टौप्रहर त्याच्याकडे डोळे लावून बसलेला. पण त्याची पाठ कोणाकडे होती? बाहेरच्याकडे! जो देवाच्या सर्वांत जवळ बसतो, त्याचीच आडकाठी मागच्याला होते. म्हणून पुढे बसणाऱ्यानं अधूनमधून मागं वळून पाहावं. आणि सरकल्यानं नंदीचं काय गेलं? तो आजही देवळातच आहे, देवासमोरच आहे. चार हात सरकला, एवढंच.

दगडाचा नंदी एका शब्दात सरकला. माणसाला किती वेळ लागला? याच नंदनारांना पुढे चिदंबरमला आत जाण्याआधी अग्नीतून जावं लागलं, असं चरित्र सांगतं. आणि दूर कशाला जायचं? आमचे चोखोबा पंढरीच्या महाद्वाराबाहेरच राहिले. त्यांची समाधीही तिथेच. ते दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं.

दार उघडलं, कायदाही झाला. पण पंगतीत, पाणवठ्यावर, सोयरिकीत, मनात कोणी अजून दाराबाहेर उभं आहे का? असेल, तर आपणच मध्ये बसलो आहोत. देव केव्हाचा सांगतो आहे, जरा बाजूला हो. नंदीनं ऐकलं. आपण कधी ऐकणार?

बोला, नमः पार्वतीपते, हर हर महादेव!