गरोदरपणी योगासने : काय करावे, काय टाळावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे. आपल्यासारखीच एक गृहिणी. म्हणून घरचीच गोष्ट सांगते.

माझ्या सुनेला पाचवा महिना लागला होता. मोबाईलवर पाहून तिने रोज सकाळी कपालभाती सुरू केली. मला वाटले, योगच तो. त्यात अपाय कसला? चौथ्या दिवशी तिला भोवळ आली. दवाखान्यात तपासले, तो हिमोग्लोबिन आठावर उतरलेले! चूक तिची एकटीची नव्हे. "आधी विचारून ये" एवढे मी सासूने सांगावयास हवे होते.

आपल्या महाड-पोलादपूरकडच्या जुन्या बायका म्हणतात, "आम्ही हंडे वाहिले, चिखलात वाकून भातलावणी केली, तोच आमचा योग." त्यांच्या कष्टांना माझा नमस्कार. परंतु कष्ट निराळे आणि योग निराळा. लावणीत कंबर तासन् तास एकाच बाजूस वाकते. आसनात ती हलकेच मोकळी करावयाची असते. दिवसभर राबलेल्या पोटुशीला संध्याकाळी आणखी दहा आसने नकोत. डाव्या कुशीवर पडून सावकाश श्वास घेणे, हाच तिचा त्या दिवसाचा योग.

स्त्रियांनी योग करणे आपल्याकडे नवे नाही. मुंबईस श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली योगसंस्था काढली; त्यांच्या पत्नी सीतादेवींनी १९३४ साली स्त्रियांच्या योगावर पुस्तक लिहिले. पुढे पुण्याच्या गीता अय्यंगार यांनीही त्यावर लिहिले. अय्यंगार पद्धतीत खुर्ची, भिंत, लोड यांचा आधार घेतात. गरोदर बाईने हीच गोष्ट उचलावी.

आता करावयाचे काय, ते पाहू. भिंतीला धरून ताडासन. लोडाला टेकून, तळपाय जुळवून बसणे. हातागुडघ्यांवर मांजरासारखी पाठ हलकेच वरखाली करणे. श्वास न कोंडता अनुलोम-विलोम आणि भ्रामरी. एवढे पुरे. या दिवसांत सांधे सैल पडतात, म्हणून ताण पूर्वीपेक्षा कमीच द्यावा. आसन करताना सहज बोलता आले पाहिजे; धाप लागली की थांबावे.

टाळावयाचे ते असे : कपालभाती, भस्त्रिका, कुंभक, उड्डियान, पोटावर झोपून करावयाची आसने, पोट पिळणारी आसने, शीर्षासन. चौथ्या महिन्यानंतर फार वेळ उताणे पडू नये. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन भोवळ येते.

वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तदाब वाढला असेल, जुळे असेल किंवा रक्त फार कमी असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीवाचून एकही आसन करू नये. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, पोटात कळा, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही दिसले, तर आसन सोडावे आणि तडक दवाखाना गाठावा. २०२१ च्या जुलैत महाडला पूर आला, तळियेत दरड कोसळली, रस्ते बंद पडले. ते आपण विसरलो नाही. डोंगरातल्या वाडीवरच्या बाईने तर "उद्या पाहू" म्हणूच नये.

दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. आशाताईंना विचारावे आणि त्या दिवशी डॉक्टरांना सरळ म्हणावे, "मी ही आसने करते, चालतील का?" लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत, त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात.

माझ्या सुनेने तसेच केले. रक्त भरून आल्यावर, डॉक्टरांना विचारून, तिने हलकी आसने केली. शेजारी मी बसत असे. नातू आज अंगणात धावतो आहे. सासवांनो, सुनेला आसने शिकविता आली नाहीत तरी चालेल. तिला रोज अर्धा तास निवांत बसू द्या. तेवढे आपल्या हाती आहे.