उंबऱ्यातला गंज



या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून अर्थकारणापर्यंत सर्व काही होऊन गेले आहे. आज एका जुन्या मोटारीवर बोलण्यासाठी आम्हांला उभे केले, याबद्दल आयोजकांच्या धाडसाचे कौतुक केले पाहिजे. विषय मोटारीचा खरा. परंतु त्यातला खलपुरुष आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. भुईगावापासून अर्नाळ्यापर्यंत ज्याच्या खिडकीच्या गजाला गंजाने हात लावला नाही, असे एक घर कोणी दाखवावे!

मोटार 'एम.जी.बी.' जातीची. इंग्लंडात ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली, दोघांनी बसावयाची, उघड्या टपाची. आम्ही दोघा मित्रांनी ती मुंबईच्या एका गोदामातून आणली तेव्हा लालभडक चमकत होती. आमच्यापैकी एकाच्या कन्येचे लग्न मार्गशीर्षात ठरलेले. वरात याच गाडीतून काढावयाची असा बेत होता. रंगारी म्हणाला, "दाराखाली दोन ठिकाणी पत्रा फुगलाय, बाकी काही नाही. घासून लांबी भरतो, आठ दिवसांत न्या."

चाक काढावे म्हणून दाराखाली जॅक लावला. दांडा फिरवू लागलो. जॅक वर चढला. गाडी मात्र जागची हलली नाही. आत काहीतरी करकरले आणि विटेच्या चुऱ्यासारखा लाल भुगा फरशीवर सांडला. दार उघडू गेलो तर ते चौकटीत रुतलेले. मोटार मधोमध खचली होती.

हे समजण्यासाठी गाडीची हाडे पाहावी लागतात. जीपला खाली लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर वरचे घर ठेवलेले असते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली आपली फियाट, जिची अखेरची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तिला असा वेगळा सांगाडा नाही. वाकवून जोडलेला पत्राच भार उचलतो. एम.जी.बी.ही त्याच पद्धतीची. फरक एवढाच की फियाटला टप आहे आणि टपही भाराचा वाटा घेतो. पुठ्ठ्याच्या खोक्याचे झाकण कापून काढा आणि दोन्ही टोके धरून उचला, म्हणजे उघड्या गाडीची अवस्था ध्यानात येईल. झाकण नाही, तेव्हा सारी मदार दारांखालच्या दोन लांब पोकळ पेट्यांवर. या पेटीला आम्ही उंबरा म्हणतो. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मध्ये उभा पडदा. गाडीचा कणा तो हाच, आणि गंजाने बिऱ्हाड थाटले तेही इथेच.

इथेच का? चाकांनी उडविलेला चिखल पेटीत शिरतो, पाणी जाण्याची छिद्रे त्याने बुजतात. त्यात आपले मिठागरांचे गाव. हवेतला ओलावा सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ आपण होऊन पाणी ओढते, हे पावसाळ्यात घरातील बरणी रोज सांगते. म्हणून ताडपत्रीखाली कोरडी ठेवलेली गाडी आतून ओलीच असते. शिवाय एक विलक्षण गोष्ट आहे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ इव्हान्स यांनी घासलेल्या लोखंडावर मीठपाण्याचा थेंब ठेवून दाखविले की थेंबाच्या कडेला, जिथे हवा पोहोचते, तिथे लोखंड टिकते. मध्यभागी, जिथे प्राणवायू कमी, तिथेच ते झिजते. चिखलाखाली, दुहेरी सांध्यात, लांबीच्या थराखाली नेमकी हीच स्थिती असते. झाकले म्हणजे वाचले हा आपला समज गंजाच्या पथ्यावर पडतो.

आणि गंज जागा मागतो. मूळ लोखंडाच्या कितीतरी पट तो फुगतो, सांधे उसवतो. आपल्या इमारतींच्या सज्ज्यांतून सिमेंटचे पोपडे पडतात ते आतल्या सळ्या अशाच फुगल्यामुळे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा येथून गेलेल्या घंटांपैकी एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात टांगलेली आहे. घंटेच्या धातूवर जो थर चढतो तो अंगाला घट्ट बिलगून राहतो व आतल्या धातूला सांभाळतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत. तो कोणालाच सांभाळत नाही.

मग आम्ही गाडीची तपासणी केली. ती रंगाआधी करावयास हवी होती. फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक पत्र्यावरून फिरविला. जिथे तो धरीना तिथे लांबी. हातोडीने हलके ठोकले. चांगला पत्रा खणखणतो, कुजका भदभदतो. गालिचे उचलून टोच्या लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. आदल्या मालकाच्या रंगाऱ्याने उंबऱ्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वर लांबी ओढली होती.

एक दलाल म्हणाला, "तुम्हीही तेच करा आणि विकून मोकळे व्हा." खोटे कशाला बोलावे, त्या रात्री आम्ही हिशेब करून पाहिला. परंतु ती दुमडली असती तर दुसऱ्याच्या पोरीला घेऊन.

कन्येला सांगितले. ती म्हणाली, "बाबा, रिक्षानं जाईन." प्रत्यक्षात भाड्याची मोटार केली.

पुढचे काम सावकाशीचे. आधी दाराच्या मोकळ्या जागेत लोखंडी नळ्या आडव्या जोडून अंग बांधून घेतले, नाहीतर कापताच गाडी खचते आणि मग ती वाकडीच कायम होते. एका वेळी एकच बाजू उघडली. कापायचे ते चकचकीत धातू लागेपर्यंत, इथे दया उपयोगाची नाही. गंजावर लावायची रसायने वरच्या तांबूसपणापुरती ठीक. बंद पेटीत ती पोहोचत नाहीत. इंग्लंडात या गाडीचे संपूर्ण कवच १९८८ पासून नव्याने बनते, पण ते आणणे आमच्या खिशाला झेपणारे नव्हते. आम्ही वालीवच्या एका कारखान्यात पत्रा वाकवून घेतला. सांध्यांच्या आत जस्ताचा लेप दिला आणि वेल्डिंग इथे एक टाका, तिथे एक टाका असे, पत्रा तापून मुरडू नये म्हणून. दर टाक्यानंतर दार लावून फट पाहिली. शेवटी लांब नळीने पेटीत पातळ मेण फवारले आणि खालची छिद्रे मोकळी ठेवली. एका बाजूला दीड महिना लागला.

गेल्या महिन्यात पुन्हा जॅक लावला. गाडी उचलली गेली. तशीच अधांतरी असता दार उघडले आणि मिटले. रंग अजून दिलेला नाही, ती करड्या प्रायमरमध्येच उभी आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी अवश्य यावे. येताना खिशात लोहचुंबक आणला तरी आम्हांला राग येणार नाही.