आईच्या ऑपरेशनची फाईल

आजच्या भागात पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. एरवी आपण कोड, नोकऱ्या, पगार असल्या गोष्टींवर गप्पा मारतो. आज घरातली गोष्ट आहे. आईला विचारून सांगतोय. ती म्हणाली, "सांग, पण कुणाचं नाव घेऊ नकोस. निकाल लागलाय, भांडण संपलेलं नाही." म्हणून डॉक्टरांचं नाव नाही, रुग्णालयाचं नाही, गावाचंही नाही.

आणि एक आधीच सांगून टाकतो. मी वकील नाही, डॉक्टर तर नाहीच. बीटेक झालेला, दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचत बसणारा माणूस आहे. तो धंदा इथे उपयोगी पडला, तो कसा ते पुढे येईल.

नोव्हेंबर २०२१. आईच्या पित्ताशयात खडे झाले होते. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलं. दोन-तीन दिवसांत घरी, पंधरवड्यात पुन्हा मशीनवर, असं सांगितलं होतं. आई ब्लाउज शिवते, म्हणून तिला मशीनची घाई. बिल झालं ६२ हजार.

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारपासून पोट दुखायला लागलं, फुगायला लागलं. विचारलं तर म्हणाले, गॅस धरलाय, जरा चालवा त्यांना. आता हे काही अगदीच खोटं नसतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरतातच, त्यामुळे थोडं दुखतं. म्हणून मीही विश्वास ठेवला. बुधवारी मीच तिला कॉरिडॉरमध्ये चालवत होतो. ती भिंत धरून उभी राहिली, तर मी म्हटलं, "आई, जरा जोर लाव ना, बाकीच्या बायका बघ कशा चालतायत."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

गुरुवारी डिस्चार्ज. घरी उलट्या. रविवारी डोळे पिवळे. पुन्हा तिथेच नेलं. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं आणि ते पाणी म्हणजे पित्त होतं. सोमवारी रात्री रुग्णवाहिकेने पुणे.

पुण्यात एमआरसीपी केल्यावर कळलं की यकृताकडून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नळीच कापली गेली होती. लगेच जोडताही येईना, कारण आत सूज आणि जंतुसंसर्ग. मग पोटात एक नळी आणि कमरेला पिशवी, नऊ आठवडे. आई ती पदराखाली लपवायची. कोणी आलं की आधी पदर सारखा करायची. जानेवारीच्या शेवटी मोठं ऑपरेशन झालं. आतड्याचा एक भाग वर आणून थेट यकृताच्या नळीला जोडला. पुण्याचा सगळा खर्च ५ लाख ४० हजार. बाबांनी मुदत ठेव मोडली, मी कर्ज काढलं.

आता मुद्द्यावर येतो.

मामा पहिल्या दिवसापासून म्हणत होते, पोलिसांत जा. मलाही तेच वाटत होतं. एका वकीलबाईंनी शांतपणे समजावलं की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार ठळक, अक्षम्य पातळीचा असावा लागतो. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. शिवाय शिक्षा झाली तरी आईच्या उपचाराचे पैसे त्यातून आपोआप येत नाहीत. मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली तर ते डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई करू शकतात, भरपाई देत नाहीत. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग नाहीतर दिवाणी न्यायालय. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५ सालीच व्ही. पी. शांता खटल्यात ठरलंय. जिथे सगळ्यांना सगळंच मोफत मिळतं, ती रुग्णालयं तेवढी त्यातून बाहेर.

दुसरा धक्का पुण्याच्या सर्जननी दिला. मी त्यांना विचारलं, "नळी कापली म्हणजे चूकच ना?" ते म्हणाले, "नाही. सुजलेल्या पोटात रचना फसवी दिसते. चांगल्या हातांकडूनही हजारात काही जणांच्या बाबतीत असं होतं." मला राग आला. वाटलं, डॉक्टर डॉक्टरला वाचवतोय. मग तेच हळू आवाजात म्हणाले, "पण इतके दिवस कळलं कसं नाही?" लिहून द्याल का, विचारलं. नाही म्हणाले.

कायदाही हेच बघतो. त्या क्षेत्रातल्या साधारण कुशल डॉक्टरने त्या परिस्थितीत जे केलं असतं, ते केलं का? निकाल वाईट लागला, एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.

काही प्रकरणांत वस्तूच बोलते. आपल्याकडचं उदाहरण आहे, अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईंची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. दुखणं थांबेना म्हणून पोट पुन्हा उघडलं, तर आत टॉवेल राहिलेला. त्या वाचल्या नाहीत. पोटात टॉवेल कसा राहिला हे नवऱ्याने सिद्ध करायचं नसतं, तो राहिला हेच पुरेसं, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. पण कधी? १९९६ मध्ये. तेहतीस वर्षांनी. रक्कम होती ३६ हजार रुपये.

आमच्या प्रकरणात टॉवेल नव्हता. नळी कापली जाणं हा माहीत असलेला धोका. म्हणजे 'काय झालं' यावर केस उभी राहत नव्हती. 'त्यानंतर काय केलं नाही' यावर राहत होती. ते कुठे सापडणार? कागदात.

वैद्यकीय आचारसंहितेचा २००२ चा नियम आहे, की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे. मी आईच्या सहीचा अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच घ्याच, मंडळी. आधी उत्तर आलं, फाईल सापडत नाहीये. मग नियमाचा उल्लेख करून रजिस्टर पोस्टाने दुसरा अर्ज पाठवला. अकराव्या दिवशी ८६ पानं मिळाली. ऑपरेशनचा व्हिडिओ मागितला, तर रेकॉर्डिंग केलेलं नाही म्हणाले.

ती ८६ पानं मी लॉगसारखी वाचली. प्रत्येक नोंद एका ओळीत: तारीख, वेळ, कोणी लिहिलं, काय लिहिलं. डॉक्टरांचं अक्षर लागायला तीन रविवार गेले. सिस्टरचं अक्षर मात्र स्वच्छ होतं. बुधवार, रात्री ११:४०. नाडी ११८, ताप १०१, पोट फुगलेलं, रुग्ण खूप दुखत असल्याचं सांगते, डॉक्टरांना फोनवर कळवलं.

त्याच्या पुढची नोंद गुरुवारी सकाळी १०:१५ ची. प्रकृती समाधानकारक, डिस्चार्ज द्यावा.

मधले साडेदहा तास कोरे. रक्ततपासणी नाही, सोनोग्राफी नाही, रात्री कोणी येऊन पाहिल्याची नोंद नाही. तिथे बसून मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक म्हणजे आमची केस इथे आहे. आणि दुसरी, आई 'खूप दुखतंय' म्हणत होती हे एका अनोळखी सिस्टरने लिहून ठेवलं होतं, आणि मी, तिचा मुलगा, तिला जोर लावायला सांगत होतो.

असो. पुढचं सांगतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. साधारणपणे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती हातची घालवू नका. २०१९ च्या नव्या कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता तिथेही तक्रार करता येते. कुठल्या आयोगात जायचं हे, तुम्ही रुग्णालयाला किती पैसे दिले त्यावर ठरतं, किती भरपाई मागताय त्यावर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. आम्ही दिले होते ६२ हजार, मागितले १८ लाख, फी काहीच नाही. वकील सक्तीचा नाही. हैदराबादचे प्रशांत धनंका इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असताना, १९९० मध्ये छातीतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर कमरेखाली लुळे झाले. पुढे आयटीत नोकरी करत त्यांनी सर्वोच्च न्यायालयात स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि २००९ मध्ये त्यांना १ कोटी रुपये मंजूर झाले. मी मात्र वकीलबाई ठेवल्या. आपल्याच आईबद्दल थंड डोक्याने बोलणं मला जमलं नसतं.

मागताना हिशोब मांडावा लागतो. उपचाराचा खर्च, प्रवास, बुडालेली कमाई, पुढची औषधं, आणि वेदना. आईच्या कमाईचा कागद कुठून आणायचा? तिच्या मापांच्या वह्या निघाल्या. प्रत्येक बाईचं माप, शिलाई, तारीख. नोव्हेंबरपर्यंत पानं भरलेली, पुढचे आठ महिने कोरी. त्या वह्या आम्ही जोडल्या.

आयोगाने सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांचं मत मागवलं. त्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या. पित्तनलिकेची इजा हा ज्ञात धोका आहे. पण ताप, वाढलेली नाडी आणि फुगलेलं पोट असताना तपासणी न करता घरी पाठवणं योग्य नव्हतं.

कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिलेत. आमची दोन वर्षं पाच महिने गेली. तारीख, पुढची तारीख, त्यांचे वकील आले नाहीत, पुढची तारीख. नातेवाईक म्हणायचे, पैशासाठी चाललंय सगळं. आई म्हणायची, "पैसे गेलेत, ते मागायला लाज कसली?"

एका तारखेला आई सोबत आली होती. बाहेर बाकावर बसली होती, डॉक्टर समोरून आले, थांबले. "कशा आहात?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं असावं. आई म्हणाली, "बरी आहे." ते आत गेल्यावर मला म्हणाली, "हे बुधवारी रात्री येऊन विचारायला हवं होतं."

फेब्रुवारी २०२५ मध्ये निकाल आला. नळी कापली हा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही, म्हणून ६२ हजार परत नाहीत. लक्षणं दिसूनही तपासलं नाही आणि घरी पाठवलं, हा निष्काळजीपणा सिद्ध झाला. पुण्याचा खर्च ५ लाख ४० हजार, बुडालेली कमाई ९० हजार, वेदनांसाठी ३ लाख, तक्रारीचा खर्च २० हजार. साडेनऊ लाख आणि व्याज. समोरच्यांनी राज्य आयोगात अपील केलंय. त्यासाठी त्यांना अर्धी रक्कम आधी भरावी लागली, पण ती अजून आमच्या हातात नाही.

खरं सांगू का, तो निकाल वाचताना मला तो बरोबर वाटला. त्यांना न शोभणारं काही आमच्या हट्टाने त्यांच्यावर लादलं गेलं नाही, आणि जे झालं ते झाकलंही गेलं नाही. चार वर्षांपूर्वी मामांचं ऐकून मी 'तुम्ही आईला कापलं' एवढंच ओरडत गेलो असतो, तर बहुतेक हरलो असतो.

म्हणून तुमच्यावर कधी अशी वेळ आली, येऊ नये, पण आली, तर तोडफोड नको, शिवीगाळ नको. आधी रुग्णाला योग्य ठिकाणी हलवा. मग पोच घेऊन कागद मागा. तारीख-वेळ लावून ते ओळीने मांडा आणि काळजी नेमकी कुठे थांबली ते शोधा. तसं काही सापडलं नाही, तर ते मान्य करायचीही तयारी ठेवा.

त्या सिस्टर कोण होत्या, मला माहीत नाही. फाईलवर फक्त आद्याक्षरं आहेत. रात्रपाळीत, दहा पेशंट बघताना, त्यांनी एक ओळ खरी लिहिली. आमची केस त्या ओळीवर उभी राहिली.

आई आता बरी आहे. तेलकट चालत नाही, दर सहा महिन्यांनी रक्त तपासावं लागतं, मशीन सुरू आहे. आणि घरात कोणी 'दुखतंय' म्हणालं, तर मी हल्ली आधी विचारतो, कुठे, कधीपासून, किती.

इतकंच. काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.